एन्कोडर बदललाय? मग २४ महिन्यांचा हिशोब बाजूला ठेवा

तुमची पोस्ट वाचून माझंच जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिलंय, विमानात एन्कोडर (ट्रान्सपॉन्डरला उंची पुरवणारं यंत्र) नवीन बसवला आणि दुरुस्तीच्या शॉपवाले म्हणतात ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची रडारला पाठवणारं यंत्र) चेकला अजून वर्ष बाकी आहे, खुशाल उडवा. मलाही शब्दशः हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं, तीच माझी सगळ्यात महाग चूक.

एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) ९१.४१३ या नियमात ट्रान्सपॉन्डर चेकसाठी दिलेले २४ कॅलेंडर महिने सगळ्यांना पाठ असतात, पण त्याच्याच खालचं कलम कोणी वाचत नाही. ट्रान्सपॉन्डरवर असं काही काम झालं की ज्याने उंचीच्या डेटात फरक पडू शकतो, तर पूर्ण सिस्टिमची टेस्ट तेव्हाच करायची, तारीख काही का असेना. एन्कोडरसाठी हेच ९१.४११ मध्येही (अल्टिमीटर म्हणजे उंचीमापक आणि उंची पाठवणारी सिस्टिम यांच्या टेस्टचा नियम) लिहिलंय.

माझी ती टेस्ट झालीच नाही. दोन महिन्यांनी ढगात आयएफआरवर (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याच्या नियमांनी) असताना एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रण) कंट्रोलर म्हणाला स्टॉप अल्टिट्यूड स्क्वॉक, म्हणजे उंची पाठवणं बंद करा, तुमची उंची ३०० फुटांनी वेगळी दिसतेय. मी घाबरून अल्टिमीटरचा दाब लावायचा नॉब फिरवत बसलो, पण एन्कोडर कायम २९.९२ इंच हा ठरलेला हवेचा दाब धरूनच उंची पाठवतो, नॉबचा त्याच्याशी संबंधच नाही. पाठवलेल्या उंचीतल्या फरकाची मर्यादा १२५ फुटांची आहे, म्हणजे माझं विमान ढगात दुसऱ्यांना चुकीच्या उंचीवर दिसत होतं, आजही आठवलं की झोप उडते. परत गेलो तर तेच शॉप म्हणे तुम्ही टेस्ट मागितलीच नव्हती! अहो, काम तुम्ही केलंत, सही तुमची, मग टेस्ट लागते हे मी सांगायचं? टेस्टचे पैसे दुसरीकडे भरले आणि तीन आठवडे विमान हँगरमध्ये.

मी ए अँड पी (एफएएचं लायसन्स असलेला विमान मेकॅनिक) नाही, साधा ओनर आहे, तेव्हा नियम स्वतः वाचा. आणि ॲन्युअलमध्ये (विमानाची वार्षिक तपासणी) हे होऊन जातं असं धरून चालू नका, ९१.४१३ ची टेस्ट सहसा त्या कामाचं रेटिंग म्हणजे मान्यता असलेलं रिपेअर स्टेशन करतं, नेहमीचा मेकॅनिक सही करू शकत नाही. टेस्ट होईपर्यंत बिना मोड सी (ट्रान्सपॉन्डरने उंची पाठवणं) जायचंच असेल तर एटीसीकडे परवानगी मागता येते, पण ती मिळेलच असं नाही.

अजून एक, लॉगबुकात नुसतं "ट्रान्सपॉन्डर चेक्ड" लिहून घेऊ नका. ९१.४११ आणि ९१.४१३ वेगवेगळे लिहायला लावा, आणि अल्टिमीटर किती फुटांपर्यंत तपासला तेही, कारण आयएफआरवर त्याच्या वर जाता येत नाही.