व्हीआर सिम्युलेशनची प्रोग्रामिंग टेस्ट आली आहे, हेडसेट नाही. काय बनवू?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, कंपनीने आठवड्याची मुदत देऊन ‘साधं, हाताळता येईल असं व्हीआर सिम्युलेशन’ मागितलंय आणि विषय तुमच्यावर सोडलाय. मी याच कामात आहे, अशा टेस्ट तपासतोही, म्हणून थेट सांगतो. किल्ला किंवा धबधबा उभा करायच्या मागे लागू नका. बेळगावजवळचा राजहंसगड कितीही देखणा झाला तरी तिथे नुसतं फिरायचं, हातांना काम काही नाही. एकच क्रिया घ्या आणि ती हाताला खरी वाटेपर्यंत सोडू नका.

माझं मत विचाराल तर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना घ्या. त्यातही फक्त ओतकाम : लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतायचं. ओतणारा माणूस धार तुटू देत नाही, साच्याचं तोंड भरलेलं ठेवतो आणि रायझरमध्ये (साच्याच्या वरच्या मोकळ्या नळीत) धातू वर आलेला दिसला की थांबतो. मध्येच थांबला किंवा फार हळू ओतलं तर साचा पुरता भरायच्या आत धातू थिजतो आणि कास्टिंग रिजेक्ट. म्हणजे नियम, चूक आणि निकाल तुम्हाला आयतेच मिळाले.

कोडमध्ये लॅडलची वरची दिशा आणि जगाची वरची दिशा यांचा डॉट प्रॉडक्ट (दोन दिशांमधला कोन काढून देणारा गुणाकार) घेतला की कल कळतो. कल एका कोनापुढे गेला की धार सुरू. हा कोन मात्र कायमचा एकच ठेवू नका. भरलेलं लॅडल जरासं कललं तरी सांडतं, तळाशी थोडंच उरलं की बरंच उपडं करावं लागतं. म्हणून कोन उरलेल्या धातूवर ठरवा. एवढी गोष्ट ज्याने केली असेल त्याचं कोड मी शेवटपर्यंत वाचतो. द्रवाचं खरं गणित करत बसायची गरज नाही. एक बारीक सिलिंडर, थोडे पार्टिकल आणि साच्यात चढणारी पातळी, बास. धातू दर फ्रेमला ठरावीक ओतू नका, डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने गुणा. नाहीतर तोच साचा ९० हर्ट्झच्या (सेकंदाला ९० फ्रेम दाखवणाऱ्या) हेडसेटवर ७२ हर्ट्झपेक्षा लवकर भरेल.

सूचना अक्षरांत देऊ नका. आपल्याकडे कारखान्यात मराठी बोलणारे असतात तसे कन्नड बोलणारेही असतात, आणि युनिटी या गेम इंजिनाच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (अक्षरं दाखवणाऱ्या भागात) देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. धातूचा रंग पिवळ्याकडून लालसर होत जाऊ दे, धार तुटली की आवाज बदलू दे. वापरणाऱ्याला न वाचता कळतं.

हेडसेट नसल्याने काम अडत नाही. युनिटीच्या एक्सआर इंटरॅक्शन टूलकिटबरोबर (व्हीआरमध्ये वस्तू हाताळण्याच्या तयार कोडबरोबर) डिव्हाइस सिम्युलेटर मिळतो, त्यात कीबोर्ड-माउसने डोकं आणि दोन्ही हात हलवता येतात. इंजिनाची अट नसेल तर ए-फ्रेम, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हीआर दाखवणारी चौकटही चालेल : तपासणारा लिंक उघडून लगेच बघू शकतो. मात्र वेबएक्सआरला (ब्राउझरमधून हेडसेट चालवणाऱ्या सोयीला) एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित वेबपत्ता लागतो आणि वस्तू पकडण्याचा बराच भाग तुम्हालाच लिहावा लागेल. जमत असेल तर पाठवण्याआधी कुणाचा तरी हेडसेट तासभर मागून आणा. मापं तिथेच कळतात. युनिटीत एक युनिट म्हणजे एक मीटर, तरी स्क्रीनवर ठीक दिसणारं लॅडल डोळ्यांसमोर आल्यावर बादलीएवढं आहे की पिंपाएवढं, हे आधी समजत नाही.

कॅमेरा कोडने कधीही हलवू नका, माणसाला मळमळतं. ७२ हर्ट्झला एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे भट्टीच्या उजेडाच्या रिअलटाइम सावल्या आधी काढून टाका, त्या बराच वेळ खातात.

आणि लॅडल हातातून सुटलं तर काय होतं, ते नक्की ठरवा. मी तपासायला बसलो की पहिल्यांदा तेच करून बघतो.