बॉक्सिंग ग्लोव्ह तपासताना पहिल्या आकड्यावर जाऊ नकोस
ग्लोव्हच्या आतला फोम निवडायच्या आधी चाचणीची सोय कर. 4 किलोचं वजन अर्ध्या मीटरवरून फोमवर सोडलं की साधारण 20 ज्यूल ऊर्जा मिळते. वजनाला अ‍ॅक्सेलरोमीटर (वेग किती झपाट्याने बदलतो ते मोजणारा सेन्सर) लाव आणि त्याचा आलेख नीट बघ. शेवटी एकदम टोकदार सुळका दिसला, तर फोम पुरता दबून तळाला टेकलाय. तिथे नुसता मऊ थर वाढवून भागत नाही, आत घट्ट थरही लागतो. मग लागोपाठ फटके मार. दबलेला फोम सावरायला वेळ घेतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते. घामाने भिजलेला ग्लोव्हही तपास. एक मात्र कळकळीने सांगतो: जाड पॅडिंगने मूठ वाचते, पण डोकं गर्रकन फिरवणारा फटका थांबत नाही. म्हणून त्या फिरण्याचंही मोजमाप घेतल्याशिवाय ग्लोव्हला सुरक्षित म्हणू नकोस.