शंभर अर्ज केले, एकही फोन नाही?

धीर सोडू नकोस. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पहिली नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांचं इथंच अडतं. चाकण-भोसरीच्या कंपन्यांसाठी मी बरीच वर्षं बायोडेटा चाळतोय, त्यावरून सुरुवातीपुरतं सांगतो.

एकच बायोडेटा सगळीकडे पाठवणं आधी थांबव. जाहिरात क्वालिटीची असेल तर व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं वापरता येणं, ड्रॉइंग वाचता येणं हे सगळ्यात वर हवं. सीएनसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनची असेल तर हात कुठल्या कंट्रोलरवर बसलाय ते लिही, फॅनुक की सीमेन्स. ‘मेहनती, प्रामाणिक’वरून नजर घसरते, ‘प्रोजेक्टसाठी ड्रिल जिग स्वतः बनवला’ इथं ती थांबते.

नेहमीच्या चुका:
- फाइलचं नाव ‘रेझ्युमे फायनल २’. तुझं नाव आणि पद टाक, पीडीएफ पाठव.
- मेलला विषय नाही, मजकूर कोरा. चार ओळी तरी लिही.
- नौकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल महिनोन्‌महिने तसंच. रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार निवडून बघू शकतात, म्हणून आठवड्याला लॉगिन कर.

अर्ज केल्यावर आठवडाभरानं एकदा नम्रपणे विचारणा कर. नॅट्स या केंद्र सरकारच्या योजनेतल्या अप्रेंटिसशिपलाही कमी लेखू नकोस, स्टायपेंड मिळतो आणि शॉपफ्लोअरचा अनुभव बायोडेटात येतो. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नकोस.

मुलाखतीचं बोलावणं आलं की कळव, पुढचं तेव्हा बोलू.