पायथॉन सोडू का?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉन चांगली येते. मित्र म्हणतात, तिची मांडणी सोपी म्हणूनच ती मंद आहे. वेगवान प्रोग्राम लिहिण्याचं काम हवं तर सी++ धर. काय करू?

उत्तर : मांडणीचा इथे काही दोष नाही. महिरपी कंस असोत की आत सरकवलेल्या ओळी, पार्सर (कोडचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) त्या एकदाच वाचतो. लूपच्या कोटी फेऱ्या झाल्या तरी कंस पुन्हा वाचले जात नाहीत. वेग ठरतो सिमँटिक्सवर, म्हणजे त्या ओळीचा अर्थ भाषेनं काय ठरवलाय यावर.

साधी 'ए अधिक बी' घे. सीमध्ये दोन्ही इंट (पूर्णांक) आहेत हे कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, आधीच ठाऊक असतं. बेरीज बहुधा एका मशीन सूचनेत उरकते. पायथॉनमध्ये ए हा पूर्णांक, स्ट्रिंग किंवा तुझा स्वतःचा क्लासही असू शकतो. म्हणून दर वेळी टाइप बघायचा, योग्य फंक्शन शोधायचं, बहुतेकदा उत्तरासाठी नवा ऑब्जेक्ट करायचा. 64 बिट सीपायथॉनमध्ये (आपण सहसा वापरतो ती पायथॉन) 1 हा आकडा 28 बाइट घेतो. सीमधला इंट सहसा 4.

सीलाही तिचा अर्थ नडतो. फंक्शनला ए, बी, एक्स असे तीन इंट पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, दे. ए जिथे बोट दाखवतो तिथल्या किमतीत एक्सच्या जागची किंमत मिळव, मग तीच बीच्या जागच्या किमतीतही. ए आणि एक्स एकच जागा दाखवत असतील, तर पहिल्या बेरजेनं एक्सची किंमत बदलते. म्हणून कंपायलर ती मेमरीतून दोनदा वाचतो. तिन्ही पॉइंटरना सी99 मधला 'रिस्ट्रिक्ट' हा शब्द (हे पॉइंटर एकाच जागेवर नाहीत असं सांगणारा) लाव, एकदाच वाचेल. मात्र ते तू दिलेलं वचन आहे. मोडलंस तर उत्तर चुकू शकतं आणि बहुधा इशाराही मिळणार नाही. फोरट्रानमध्ये असं वचन भाषेच्या नियमातच आहे. आकडेमोडीत ती अजून टिकून आहे, त्यामागे हेही एक कारण.

हा प्रयोग जीसीसी या कंपायलरवर ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) पातळीला स्वतः कर आणि असेंब्ली, म्हणजे तयार झालेल्या मशीन सूचना, वाच. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून मोजलेला वेळ निरुपयोगी असतो. उत्तर कुठेच वापरलं नाहीस तर कंपायलर अख्खा लूप काढून टाकू शकतो आणि वेळ जवळपास शून्य दिसतो; नवखे इथेच फसतात.

पायथॉन सोडू नकोस. तिच्या 'डिस' मॉड्यूलनं बाइटकोड (पायथॉन आतून चालवते त्या सूचना) बघ, वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या प्रोफायलरनं जड जागा शोध, तेवढाच भाग नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीकडे दे. सी++ च्या आधी सी शीक. कंपायलर आणि संगणकाची रचना हे विषय मन लावून कर, विशेषतः कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी). डेटाबेस, ब्राउझर, गेम इंजिन यांच्या मुलाखतीत 'हे मंद का?' विचारतात, तेव्हा तुझी असेंब्ली आणि मोजमापं दाखवता आली पाहिजेत.