वायरिंगची बिलं आणि २० लाखांची रेघ

प्रश्न : मी सांगलीत घरांच्या वायरिंग-फिटिंगची कामं घेतो. एप्रिल ते नोव्हेंबर नुसत्या मजुरीची बिलं ५ लाख २० हजारांची झाली आणि विथ मटेरियल कामांची ११ लाख ६० हजारांची, त्यात माल ७ लाख ४० हजारांचा. एक फ्लॅट राहायला भाड्याने दिला आहे, महिना ९,०००. जानेवारीपासून एक बिल्डर सहा लाखांचं काम देतो आहे, पण जीएसटी नंबर मागतो. ओळखीचे सांगतात की नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाखांची आहे, शिवाय मालाचे पैसे दुकानदाराला जातात, ती माझी कमाई नव्हे. नंबर घ्यावा की टाळावा?

उत्तर : ४० लाखांची मर्यादा आहे, पण ती केवळ माल विकणाऱ्याला. दुकानात बसून नुसती वायरची भेंडोळी विकणाऱ्याला ती लागू होते. तुम्ही वायर भिंतीत घालून, डीबी (वीज वाटपाची पेटी) बसवून, पॉईंट चालू करून देता. मालासकट केलेलं असं काम कायद्याने सेवाच धरली जाते, आणि सेवेची मर्यादा महाराष्ट्रात २० लाख आहे.

मालाच्या पैशांबद्दलही गैरसमज आहे. नफा किती उरला हे इथे कोणी विचारत नाही, उलाढाल मोजली जाते. दुकानाचं बिल तुमच्या नावावर आणि ग्राहकाला दिलेलं बिल तुमचं, म्हणजे ते ७ लाख ४० हजार तुमच्याच उलाढालीत. राहत्या घराच्या भाड्यावर कर नाही, तरी २० लाख मोजताना करमाफ रक्कमही धरतात. आता बेरीज करा : १६ लाख ८० हजारांची बिलं आणि आठ महिन्यांचं भाडं ७२,०००, मिळून १७ लाख ५२ हजार. सरासरी याच वेगाने डिसेंबर गेला तर डिसेंबरअखेर १९ लाख ७१ हजारांवर असाल. जानेवारीचं पहिलं-दुसरं बिलच रेघ ओलांडेल, बिल्डरचं काम घ्या किंवा नका घेऊ.

त्यामुळे टाळण्याचा पर्याय उरलेलाच नाही. ठरवायचं ते एवढंच : कोणत्या पद्धतीत जायचं.

नेहमीच्या पद्धतीत बिलावर १८ टक्के लावायचे आणि मालावर भरलेला कर त्यातून वजा करायचा. कंपोझिशनमध्ये (सेवेसाठी उलाढाल ५० लाखांपर्यंत) ग्राहकाकडून कर घेता येत नाही, बिलाच्या ६ टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे, मालावरची वजावट नाही. घरगुती गिऱ्हाईक एक लाखाचं काम ‘सगळं धरून एक लाखात’ ठरवतं, म्हणून तोच हिशेब घेऊ. नेहमीच्या पद्धतीत त्या लाखात १५,२५४ रुपये कर दडलेला असतो. दुकानात मालाला ६०,००० मोजले असतील तर त्यातला ९,१५३ रुपये कर वजा होतो आणि ६,१०१ भरावे लागतात. कंपोझिशनमध्ये ६,०००. म्हणजे माल बिलाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असला की दोन्ही सारखेच. माल त्याहून जास्त तर नेहमीची पद्धत स्वस्त, कमी तर कंपोझिशन. नुसत्या मजुरीच्या लाखावर १५,२५४ विरुद्ध ६,००० असा सरळ सामना आहे. तुमच्या बिलांत माल ४४ टक्के पडतो, तेव्हा घरगुती कामांपुरतं कंपोझिशन फायद्याचं. एक खटकणारी गोष्ट मात्र आहे : त्यात भाड्याच्या ९,००० वरही ६ टक्के, म्हणजे महिना ५४० रुपये द्यावे लागतात.

बिल्डरला एकच प्रश्न विचारा : प्रकल्प राहत्या घरांचा की दुकानगाळ्यांचा? १ किंवा ५ टक्के कराच्या निवासी प्रकल्पात त्याला तुमच्या कराची वजावट मिळतच नाही. तो नंबर मागतो कारण खरेदीचा ८० टक्के भाग नोंदणीकृत पुरवठादारांकडून असावा लागतो. कमी पडला तर त्या तुटीवर त्यालाच कर भरावा लागतो. कंपोझिशनवालाही नोंदणीकृतच असतो. तेव्हा निवासी प्रकल्प असेल तर मी कंपोझिशन घ्या म्हणेन. दुकानगाळे असतील आणि तो पूर्ण वजावट घेत असेल, तर त्याला १८ टक्क्यांचं बिलच लागेल. मग नेहमीची पद्धत. निवड अर्जातच करायची असते. वर्षाच्या मध्ये नेहमीच्या पद्धतीतून कंपोझिशनमध्ये जाता येत नाही, पुढच्या १ एप्रिलची वाट पाहावी लागते.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा, फी शून्य. मुदतीत केला तर नोंदणी ओलांडल्याच्या तारखेपासून धरतात आणि नेहमीच्या पद्धतीत हाताशी असलेल्या मालावरचा करही मिळतो (बिल एक वर्षाच्या आतलं हवं). उशीर केलात तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून, पण कर मात्र मागपासून, तोही १८ टक्के व्याजासह आणि वर दंड. घर रंगवून राहायला गेलेलं गिऱ्हाईक तो कर देणार नाही, तो तुमच्याच अंगावर येतो. म्हणून डिसेंबरअखेर पूर्ण झालेल्या कामांची बिलं लगेच करा, आणि जानेवारीनंतरच्या कोटेशनवर कर वेगळा की धरून हे आजच लिहा. नंबर मिळण्याआधी मात्र बिलावर जीएसटी लावू नका, तो गुन्हाच धरला जातो.

अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावर. वीजबिल वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. पॅन आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळू द्या. अधिकाऱ्याने शंका काढली तर उत्तराला सात कामाचे दिवस असतात, मेल रोज बघा. नंबर आल्यावर ३० दिवसांत बँक खातं जोडा, नाहीतर नोंदणी स्थगित होते.

पत्नीच्या नावाने दुसरं बिलबुक छापण्याचा सल्ला कोणी देईल. काम तुम्ही करता, पैसे तुम्ही घेता, मग तो बनाव ठरतो. बिल्डरने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर दिसतोच, आणि यूपीआयच्या नोंदी लपत नाहीत : जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत छोट्या विक्रेत्यांना त्याच आकड्यांवरून नोटिसा गेल्या.

सरळ मार्ग आहे. पुढच्या एप्रिलपासून माल ग्राहकानेच घ्यावा : दुकानाचं बिल त्याच्या नावावर, पैसेही त्याने थेट दुकानाला. तुम्ही फक्त यादी द्या, किती मीटर वायर, किती एमसीबी, किती मॉड्यूलर प्लेट. मग तुमच्या उलाढालीत मजुरी तेवढी येते. पैसे तुमच्या खात्यातून फिरले की हा फायदा सहसा जातो. वर्षभराची उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली राहिली तर नोंदणी रद्द करायचा अर्ज करता येतो. नेहमीच्या पद्धतीत असाल तर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरायचं, आणि शिल्लक मालावर घेतलेली वजावट तेव्हा परत करावी लागते.