डोळ्याच्या पृष्ठभागावरचा कॅन्सर एचपीव्हीमुळेच होतो का?

प्रश्नातला तो ‘मुळेच’ मला टोचला, म्हणून लिहितोय. एचपीव्ही म्हणजे चामखिळी आणणारा विषाणू, त्याचे काही प्रकार शरीरसंबंधातून पसरतात.

सहा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, बुबुळाच्या अगदी कडेला पांढुरका, जेलीसारखा उंचवटा आला. आत लाल केसांसारख्या शिरा. तीस वर्षं जमीन मोजणीची कामं केली, सगळी उन्हात, डोळ्यावर गॉगल कधी नाही. पहिल्या डॉक्टरांनी ‘मांस वाढलंय’ म्हणून काढलं आणि तुकडा टाकून दिला. दहा महिन्यांत तिथेच परत. दुसऱ्यांनी भोवतालच्या चार मिलिमीटर चांगल्या भागासकट काढलं, कडा गोठवल्या, तुकडा तपासायला पाठवला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशींचा कॅन्सर. पुढे, तो परत येऊ नये म्हणून, इंटरफेरॉन या औषधाचे थेंब. आणि सोबत एचआयव्हीची चाचणी लिहून दिली.

त्या चिठ्ठीवरून घरात रामायण झालं. थोरल्या मेहुण्यांनी मोबाइलवर कुठेतरी एचपीव्ही वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “दाजी, हे आणलंत कुठून?” बायको माझ्या फायलीतले कागद लावत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय.

पहिला गुन्हेगार ऊन, म्हणजे अतिनील किरण. म्हणून तर हा आजार बहुधा पापण्यांच्या मधल्या, उघड्या राहणाऱ्या पट्ट्यातच दिसतो. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार काही अभ्यासांत बऱ्याच गाठींमध्ये सापडले, काहींत जवळपास नाहीतच, आणि निरोगी डोळ्यांतही कधी सापडतात. तेव्हा त्याच्यावर एकट्यावर खापर फोडता येत नाही. ६ आणि ११ या प्रकारांनी डोळ्यात चामखिळीसारखी वाढ होते, ती लहान मुलांतही. त्यांनाही विचारणार का, कुठून आणलंत?

एचआयव्हीचा संबंध मात्र पक्का आहे. १९९०च्या दशकात युगांडा, रवांडातल्या डॉक्टरांना तरुण रुग्णांत हा कॅन्सर दिसू लागला तो त्यामुळेच. काहींना एचआयव्ही असल्याचं या गाठीमुळेच कळतं, म्हणून चाचणी. अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही धोका जास्त. सिगारेटचंही नाव घेतात. ती मी वीस वर्षं ओढली, त्याबद्दल मेहुण्यांनी एकदाही विचारलं नाही. पाकीट कधीकधी त्यांचंच असायचं.

मी डॉक्टर नाही, आणि डोळ्यातला प्रत्येक उंचवटा कॅन्सर नसतो, बहुतेक नसतातच. पण काढलेला तुकडा तपासायला पाठवा, डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणाले तरी हट्ट धरा.

माझी चाचणी निगेटिव्ह आली. पॉझिटिव्ह आली असती तर औषधं सुरू केली असती, त्यात लाज कसली? तो कागद मेहुण्यांना दाखवला नाही, दाखवणारही नाही.