‘एका दिवसात पाच गावं होतील का?’ कॉट्सवोल्ड्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडच्या खेड्यांवर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा ढीग आला. एकाने तर विचारलंय की कॉट्सवोल्ड्सला जायला कुठल्या स्टेशनवर उतरायचं. अहो, हे म्हणजे कोकणला कुठल्या स्टेशनवर उतरायचं असं विचारण्यासारखं झालं! कॉट्सवोल्ड्स हे गाव नाही, टेकड्यांचा पट्टा आहे, दोन हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबईच्या तिपटीहून मोठा, आणि सहा काउंट्यांत पसरलाय, त्यातला बराचसा ग्लॉस्टरशर आणि ऑक्सफर्डशरमध्ये. आता एकेक पत्र घेते.

ताई, मुलगा रीडिंगला असतो, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. त्याने एका दिवसाची कोच टूर बघून ठेवलीय, बिबरी, बर्फर्ड, बोर्टन, स्टो आणि ब्रॉडवे. आम्ही पासष्टीच्या पुढचे, माझे गुडघे जरा कुरकुरतात. एका दिवसात पाच गावं होतील का? (वाचक, नाशिक)

होतील हो काकू, पाचही होतील, फक्त प्रत्येक गावाच्या वाट्याला पाऊण तास येईल, त्यातला अर्धा टॉयलेटच्या रांगेत आणि कॉफीच्या रांगेत, आणि संध्याकाळी फोटो बघताना कुठलं गाव कुठलं यावरून तुमच्यात आणि काकांत वाद होतील. मी पहिल्यांदा असंच केलं होतं म्हणून सांगते.

माझं ऐकाल तर मुलाला सांगा कोच रद्द कर आणि मोरटन-इन-मार्शला दोन रात्रींची खोली बघ. लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट गाडी आहे, दीड-पावणेदोन तास लागतात, आणि तीच गाडी रीडिंगला थांबते, म्हणजे तुम्हाला लंडनला जायचीही गरज नाही. स्टेशनपासून गावाचा मुख्य रस्ता पाच मिनिटांवर, सपाट, गुडघ्यांना त्रास नाही. मंगळवार धरून गेलात तर रस्त्याच्या कडेने आठवडी बाजार भरलेला असतो, चीज, रोपं, स्वेटर, भांडी, सगळं, आपल्या बाजारासारखंच फक्त कोणी ओरडत नाही.

तिथून ८०१ नंबरची बस स्टो-ऑन-द-वोल्ड करून बोर्टन-ऑन-द-वॉटरला जाते, पुढे चेल्टनमपर्यंत. बोर्टनला ‘कॉट्सवोल्ड्सचं व्हेनिस’ म्हणतात, हे वाचून व्हेनिसची अपेक्षा ठेवू नका, विंडरश नदी तिथे घोट्याएवढी आहे, आपल्याकडे तिला कोणी ओढाच म्हणेल. पण त्यावरचे बुटके दगडी पूल, कडेची हिरवळ, बदकं, हे सगळं खरंच गोड आहे. तिथे एक मॉडेल व्हिलेज आहे, १९३७ साली उघडलेलं, अख्खं बोर्टन एक नवमांश आकारात, त्याच पिवळ्या दगडात बांधलेलं, आणि त्या छोट्या गावात आणखी छोटं मॉडेल व्हिलेज आहे. काकांना आवडेल.

आता महत्त्वाचं. अकरा ते चार या वेळात बोर्टनमध्ये राहू नका, त्या वेळात सगळे कोच तिथेच असतात. तेव्हा लोअर स्लॉटरला चालत जा, दोन-सव्वादोन किलोमीटर, जवळजवळ सपाट वाट आहे, हळूहळू गेलात तरी तास पुरे. नाव ऐकून दचकू नका, कत्तलीशी काही संबंध नाही, चिखलाच्या जागेला जुना इंग्रजी शब्द होता त्यावरून आलंय. गुडघे साथ देत असतील तर तसंच पुढे अप्पर स्लॉटर, आपलं बुद्रुक-खुर्द असतं ना तसं. हे अप्पर म्हणजे इंग्लंडमधल्या त्या अगदी मोजक्या गावांपैकी, जिथून दोन्ही महायुद्धांत गेलेले सगळे जण जिवंत परत आले. इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्यात चौकात एक युद्धस्मारक असतं आणि त्यावर नावांची यादी, ती चार-पाच गावांत वाचलीत की या गावाचं नशीब कळतं.

बिबरी राहिली तर राहू दे. आर्लिंग्टन रो ही तिथली घरांची रांग सुंदर आहे यात वाद नाही, १३८० च्या सुमारास मठाचं लोकरीचं गोदाम म्हणून बांधलेली, पुढे सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. पण पाच-सहाशे वस्तीचं गाव आणि त्यावर रोज येणाऱ्या कोचेसच्या झुंडी, आणि त्या घरांत आजही माणसं राहतात, लोक त्यांच्या खिडकीत तोंड घालून फोटो काढतात. मला स्वतःलाच लाज वाटली होती.

मी वर्षभरासाठी ऑनसाइट आलोय, बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत. कार रेंट करावी का? इंडियन लायसन्स चालतं का? सगळे म्हणतात कारशिवाय तिथे काहीच बघता येत नाही. (वाचक, मूळचे पुण्याचे, सध्या बर्मिंगहॅम)

इंडियन लायसन्सवर तिथे १२ महिने गाडी चालवता येते, रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. पण बुक करताना ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागा, आणि मुलीसाठी कार सीट लागतेच, तो कायदा आहे, मांडीवर घेऊन बसू वगैरे तिथे नाही.

कारशिवाय काहीच दिसत नाही हे मात्र खरं नाही. गावागावांना जोडणारे कित्येक रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंनी उंच कुंपण असलेल्या आपल्या पाणंदी आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी पन्नास मीटर रिव्हर्स घ्यायचं, आणि ते कोणीतरी बहुतेक तुम्हीच असता. त्या रस्त्यावर नियमाने ६० मैलांचा वेग चालतो, म्हणजे ताशी साडेशहाण्णव किलोमीटर! चालतो म्हणून कोणी जाऊ नये. तुमचं लक्ष सगळं रस्त्यावर आणि बघायचं सगळं कुंपणापलीकडे, मग बायको म्हणणार बघ ना किती छान आणि तुम्ही म्हणणार आत्ता नको. मग गावात पोचल्यावर पार्किंग शोधा, मशीनला पैसे भरा, वेळ संपत आली म्हणून धावत परत या.

दोन दिवस बस आणि पाय, एक दिवस कार, असं करा. कारचा दिवस आडबाजूच्या गावांसाठी ठेवा, स्नोजहिल, पेन्सविक वगैरे. पेन्सविकच्या चर्चच्या आवारात कापून गोलमटोल केलेली ‘यू’ नावाची झाडं आहेत, ९९ म्हणतात, शंभरावं लावलं की सैतान ते मारतो अशी तिथली गोष्ट, मुलीला मोजायला लावा, मला प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला. मुलीसाठीच म्हणाल तर चेल्टनम रेसकोर्स ते ब्रॉडवे वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, ती चुकवू नका, पण रोज नसते, आधी टाइमटेबल बघा.

बसचं मात्र एक ध्यानात ठेवा. रविवारी फेऱ्या फारच कमी असतात आणि शेवटची बस आपल्या हिशोबाने दुपारीच जाते. एका रविवारी मी बोर्टनमध्ये स्कोन खात बसले आणि बस गेली, मोरटन तिथून १३ किलोमीटर. म्हटलं टॅक्सी बोलवू, तर ॲपवर एक गाडी दिसेल तर शप्पथ. शेवटी चहाच्या दुकानातल्या बाईंनी कोणाला तरी फोन केला, तो पाऊण तासाने आला आणि त्याने जे भाडं घेतलं त्यात त्या आठवड्याची सगळी बसभाडी निघाली असती. चूक माझीच, टाइमटेबल खांबावर लावलेलं होतं.

आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. खरं सांगू का, दुसऱ्या तासाला कंटाळा आला. सगळीकडे तीच पिवळी घरं, तेच चर्च, तेच चहाचं दुकान. लोक एवढं काय डोक्यावर घेतात? (शिक्षक, सातारा)

सर, पत्र आवडलं. तुमचं निरीक्षण बरोबरच आहे, घरं सारखी दिसतात कारण ती पायाखालच्याच दगडाची आहेत. ज्युरासिक काळात तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा चुनखडक. उत्तरेला चिपिंग कँपडनकडे तो मधासारखा पिवळा, आणि दक्षिणेला बाथकडे जाल तसा फिका, सायीसारखा होत जातो. आपल्याकडे कोकणात जांभा आणि घाटावर काळा दगड, तसंच. शेताच्या बांधांनाही तोच दगड, चुना-माती न लावता नुसता रचलेला, म्हणजे आपला गडगा हो! माझं आजोळ राजापूरकडचं, त्यामुळे पहिल्यांदा ते गडगे बघून मला एकदम घरी आल्यासारखं झालं, फक्त बेड्याच्या जागी त्यांचं लाकडी गेट, ज्यातून माणूस वळसा घेऊन जातो आणि मेंढी जात नाही.

आणि सगळी गोष्ट त्या मेंढीचीच आहे. मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती म्हणजे लोकर, लंडनला हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या अध्यक्षांची बैठक आजही लोकरीने भरलेली गादी असते, ती त्यामुळेच. चांगली लोकर या टेकड्यांवर पिकायची, व्यापारी गबर झाले आणि त्यांनी मेल्यावर स्वर्गात जागा मिळावी म्हणून गावाच्या मानाने अवाढव्य चर्चं बांधली. तुम्हाला ‘तेच चर्च’ दिसलं, पण पुढच्या वेळी नॉर्थलीचच्या चर्चमध्ये जमिनीकडे बघा, पितळी पत्र्यांवर व्यापारी कोरलेत आणि त्यांच्या पायाखाली मेंढ्या आणि लोकरीची पोती आहेत. कँपडनच्या चर्चमध्ये १४०१ साली वारलेल्या विल्यम ग्रेव्हेलच्या पत्र्यावर त्याला इंग्लंडभरच्या लोकर-व्यापाऱ्यांतलं फूल म्हटलंय. त्या गावाच्या नावातलं ‘चिपिंग’ म्हणजे बाजारच. भर रस्त्यात १६२७ चा कमानींचा मार्केट हॉल उभा आहे, आत शिरा, फरशी वरखाली झालीय, चालताना पाय मुरगळेल अशी.

मग हे सगळं टिकलं कसं? गरिबीने. यंत्रं आली, कापडाचा धंदा कोळसा असलेल्या उत्तरेकडे, यॉर्कशरकडे गेला, इथे पैसा उरला नाही आणि पैसा नाही म्हणून कोणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. १९०२ मध्ये ॲशबी नावाचे एक गृहस्थ पूर्व लंडनमधले कारागीर बायकामुलांसकट घेऊन कँपडनला आले, हातकामाचा संघ चालवायला. संघ काही वर्षांत बुडाला पण त्यातल्या एका घराण्याचं चांदीकाम तिथल्या जुन्या सिल्क मिलमध्ये अजून चालू आहे, वर जाऊन बघता येतं, जुन्या बिलांचे गठ्ठे छताला लटकलेले. आज त्याच गरिबांच्या घरांच्या किमती ऐकाल तर सर, साताऱ्यात आख्खी आळी येईल, आणि गावातल्या पोरांना गावात घर परवडत नाही. हा भाग पोस्टकार्डावर नसतो.

तरी कंटाळा आलाच तर तो गावाचा नाही, गावातच राहण्याचा आहे. गाव तासाभरात संपतं, खरंय. पण प्रत्येक गावाच्या टोकाला हिरवी पाटी असते ‘पब्लिक फुटपाथ’ म्हणून, ती वाट कोणाच्याही खाजगी शेतातून जाते आणि त्यावरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडा-सायकलही. गेट जसं असेल तसंच सोडायचं आणि वासरंवाल्या गायींपासून लांबून जायचं, बस. कँपडनहून बाथपर्यंत १६४ किलोमीटरचा कॉट्सवोल्ड वे आहे, तो सगळा कोण करतंय, पण पहिला टप्पा, कँपडन ते ब्रॉडवे, एका दिवसात आरामात होतो. वाटेत १७९८ चा ब्रॉडवे टॉवर लागतो, हौसेने बांधलेला मनोरा, संरक्षण वगैरे काही नाही, नुसती श्रीमंतांची हौस. तिथून खाली ब्रॉडवेला उतरताना सगळं खोरं समोर उघडतं.

शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का? (वाचक, संगमनेर)

नाही राहणार. पबमध्ये जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा, वर चीज आणि बीन्स, हा मिळतोच. सूप मागवताना ते कशात उकळलंय ते विचारा. केक-स्कोनमध्ये अंडं असतं किंवा वरून लावलेलं असतं, व्हीगन लिहिलेलंच घ्या. आणि दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच पबची किचनं बंद होतात ती थेट सहाला उघडतात, आपण तीनला जेवायला जातो आणि हात हलवत परत येतो. किचन असलेली खोली घ्या, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटण्या न्या. तूप, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिथे विमानतळावर काढून घेतात.

तिकडे कुठेतरी मुघल घुमट असलेलं घर आहे असं वाचलं. खरंच आहे का, आणि बघता येतं का? (वाचक, कोल्हापूर)

आहे ना! सेझिनकोट, मोरटनपासून तासाभराच्या चालीवर. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास बांधून घेतलं, आराखडा त्याच्याच भावाचा. हिरवा पडलेला तांब्याचा घुमट, छत्र्या, छज्जे, बागेत पुलावर नंदी बसलेत आणि भोवती ओल्या इंग्लिश गवतात मेंढ्या चरतायत. मला हसू आलं आणि जरा रागही, कारण तो पैसा कुठून आला ते आपल्याला माहीत आहे. पुढे इंग्लंडच्या राजपुत्राने (नंतरचा राजा चौथा जॉर्ज) हे बघितलं आणि ब्रायटनला आपला घुमटांचा महाल उठवला.

कोल्हापूरकर आहात म्हणून आणखी एक सांगते, तिथून काही मैलांवर डेल्सफर्ड आहे, वॉरन हेस्टिंग्जच्या घराण्याचं गाव. ज्याच्या काळात इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध झालं आणि १७८२ ला सालबाईचा तह झाला, तोच. पूर्वजांनी गमावलेली ती इस्टेट त्याने १७८८ मध्ये परत विकत घेतली आणि नवं घर बांधलं, त्याचाही आराखडा चार्ल्स कॉकरेलच्या त्याच भावाचा! त्याच साली लंडनला त्याच्यावर महाभियोग सुरू झाला, सात वर्षं चालला, सुटला. १८१८ मध्ये वारला, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. कबर गावच्या चर्चच्या आवारात आहे. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही.

सेझिनकोट रोज उघडं नसतं, ठरावीक दिवशीच असतं, साइटवर बघून जा. बंद असलं तरी बोर्टन-ऑन-द-हिल (हे वेगळं बोर्टन, नदीवालं नव्हे) ते लाँगबरो ही पायवाट त्याच्या माळातून जाते आणि वाटेवरून घुमट छान दिसतो, फुकट. बूट मात्र चिखलाचे घाला, मी पांढरे घातले होते.